चिमट्याला एकच मार्क

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत विद्यार्थ्यांसाठी एक पान आलं होतं, अभिजात कथा कशी वाचावी, त्यातलं आशयसूत्र कसं शोधावं, प्रतीकं कशी ओळखावी वगैरे, आणि खाली चौकटीत दोन रकाने, डावीकडे वस्तू आणि उजवीकडे तिचा अर्थ. सूर्य म्हणजे काळ, बर्फ म्हणजे एकटेपणा, हार म्हणजे खोटी प्रतिष्ठा, चिमटा म्हणजे त्याग. माझी मुलगी दहावीला आहे, तिने ती चौकट कात्रीने कापून वहीत चिकटवली, आणि त्याच आठवड्यात तिला शाळेत चिमट्याच्याच प्रश्नाला तीनपैकी एक मार्क पडला होता त्यामुळे घरात आधीच वातावरण तापलेलं, म्हणून हे पत्र. राग तुमच्यावर नाही, त्या दोन रकान्यांवर आहे.

आधी माझं सांगतो म्हणजे तुम्हाला कळेल कोण बोलतोय. मी पारोळ्यात मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवतो, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार भरून देतो. शिक्षण बारावी, ते पण दुसऱ्या अटेम्टला. कथांचा नाद लागला तो रद्दीमुळे, हात पुसायला आणि सामान गुंडाळायला मी किलोवर रद्दी आणतो, त्यात जुने दिवाळी अंक निघतात, हिंदी मासिकं निघतात, कधी अनुवादाची फाटकी पुस्तकं निघतात, आणि लाईट गेलेली असली की आमच्या धंद्यात दुसरं करण्यासारखं काही नसतं. अशा रीतीने वीस वर्षांत बरंच वाचून झालंय, अर्ध्या कथांना शेवट नव्हता कारण शेवटचं पान आधीच कोणाच्या बेअरिंगला गुंडाळून गेलेलं, ते नंतर मोबाईलवर शोधून वाचलं.

तर चिमटा. प्रेमचंदांची ईदगाह, १९३३ ची. हमीद चार-पाच वर्षांचा पोर, आईबाप गेलेले, आजी आमिनाकडे राहतो, खिशात तीन पैसे घेऊन गावातल्या पोरांबरोबर शहरात ईदच्या जत्रेला जातो. बाकीचे मातीची खेळणी घेतात, कोणी भिश्ती, कोणी शिपाई, कोणी वकील, हा लोखंडाच्या दुकानासमोर थांबतो कारण त्याला आठवतं की तव्यावरून पोळी काढताना आजीची बोटं भाजतात. दुकानदार सहा पैसे सांगतो, मग म्हणतो बरोबर पाच लागतील, हा म्हणतो तीनला देता का, आणि उत्तर ऐकायच्या आधीच पुढे चालायला लागतो, म्हणजे शिव्या ऐकायला नकोत. दुकानदार हाक मारून देऊन टाकतो. आमच्या बाजारच्या दिवशी कोणतीही बाई भाव करताना हेच करते हो, तीन पावलं पुढे टाकते आणि कान मागे ठेवते.

प्रश्न होता, चिमटा कशाचे प्रतीक आहे ते स्पष्ट करा. माझ्या मुलीने काय लिहिलं ते तिची वही बघून सांगतो. तिने लिहिलं, एक म्हणजे चिमटा हा चिमटाच आहे, आजीची बोटं भाजू नयेत म्हणून आणलाय. दुसरं म्हणजे पोरांच्यात आपण हरू नये म्हणून हमीद त्याची बंदूक करतो. आणि तिसरं, आजी तो वापरणार नाही, पेटीत ठेवून देईल, कारण आमच्या घरी माझ्या आजीला भाकर हातानेच उलटवता येते आणि पप्पांनी आणलेली नवी सांडशी तिने अजून कागदातून काढलेली नाही. एवढं लिहिलं. मॅडमनी लाल पेनने शेजारी लिहिलं "त्याग व निःस्वार्थ प्रेम अपेक्षित", एक मार्क.

तिसरा मुद्दा तिचा घरचा आहे, त्याला कथेत आधार नाही, ते मी पण तिला सांगितलं. पण दुसरा बघा. कथेत हमीद स्वतः मित्रांना सांगतो की हा खांद्यावर ठेवला की बंदूक झाली, हातात घेतला की फकिराचा चिमटा झाला, मनात आलं तर याचे मंजिरे पण वाजवीन. म्हणजे जे काम मॅडमनी दहावीच्या पोरांना दिलं ते त्या पाच वर्षांच्या पोराने जत्रेतून परत येताना रस्त्यावरच करून दाखवलेलं आहे, एका वस्तूचे तीन अर्थ, आणि चौथा तो सांगत नाही, तो आजीच्या बोटांना माहीत आहे. प्रेमचंदांनी प्रतीक कसं तयार होतं हे कथेच्या आतच उघडून ठेवलंय आणि आपण काय करतो, ते परत बंद करतो, वर लेबल लावतो "त्याग", आणि ज्या पोरीने आत बघितलं तिचे दोन मार्क कापतो.

अजून एक गंमत त्यातच. मी ही कथा घरी मोठ्याने वाचत होतो, माझी माय लसूण सोलत बसलेली, तिला हिंदी सगळं कळतं, टीव्हीमुळे. हमीद चिमटा घेऊन घरी आला तिथपर्यंत वाचलं आणि मी पाणी प्यायला थांबलो तर माय म्हणे, "पन पोर्‍यानी दिवसभर काही खादं का नही?" मी पुढचं वाक्य वाचलं. आमिना छाती बडवून तेच म्हणते, दुपार झाली, काही खाल्लं नाही प्यायलं नाही आणि आणलं काय तर चिमटा! माझ्या मायला प्रतीक हा शब्द माहीत नाही. पण ती कथेच्या एक वाक्य पुढे होती. आशयसूत्र कुठे असतं असं जर कोणी मला विचारलं तर मी म्हणेन त्या एका वाक्याच्या गॅपमध्ये असतं, जिथे आजी आधी रागावते आणि मग रडते. त्याग हा शब्द लिहिला की तो राग गळून पडतो, आणि राग गळाला की त्या रडण्याला काही वजनच राहत नाही.

माझ्या धंद्यातलं सांगतो, नाहीतर मला दुसरं येतं काय. शेतकरी जळालेली मोटर घेऊन येतो आणि दारातच विचारतो, कशाने जळाली. आता दोन प्रकारचे मेकॅनिक असतात. एक मोटर न उघडता सांगतो, व्होल्टेज कमी होतं. बऱ्याचदा ते खरं पण निघतं, म्हणून तर त्याचं चालतं. दुसरा मागचं झाकण काढतो आणि बघतो की सगळ्या कॉइल सारख्या काळ्या झाल्यात का काही काळ्या आणि काही चांगल्या आहेत. सगळ्या काळ्या असल्या तर लोड जास्त झाला, पंप जाम असेल, बेअरिंग गेलं असेल. काही चांगल्या राहिल्या असतील तर विजेच्या तीन फेजपैकी एक फेज गेला होता आणि मोटर दोनवरच चालत राहिली. दोन्ही वेळेला मोटर जळालीच, वासही तोच येतो, पण कारण वेगळं आणि उपाय पण वेगळा. तुमचा तो दोन रकान्यांचा तक्ता म्हणजे न उघडता सांगणारा मेकॅनिक आहे. "सूर्य म्हणजे काळ" बऱ्याचदा खरं निघेल. पण उघडून बघितलेलं नसेल.

सूर्यावरून आठवलं. टॉलस्टॉयची ती प्रसिद्ध गोष्ट आहे, १८८६ ची, माणसाला किती जमीन लागते. पाखोम नावाचा शेतकरी, जमीन घेत घेत शेवटी बश्कीर लोकांच्या मुलखात जातो, तिथे भाव असा की एका दिवसाचे हजार रुबल, सकाळी निघायचं, दिवसभरात पायी जेवढ्या जमिनीला फेरा घालशील तेवढी तुझी, फक्त सूर्य मावळायच्या आत जिथून निघाला तिथे परत पोचायचं, नाही पोचला तर पैसे बुडाले. टेकडीवर मुखिया आपली टोपी ठेवतो, ती निशाणी. शेवटी तो धावत धावत पोचतो आणि तिथेच मरतो आणि नोकर त्याला खड्डा खणतो, डोक्यापासून पायापर्यंत सहा फूट. तात्पर्य सगळ्यांना पाठ आहे, लोभ वाईट. गाईडमध्ये एवढंच असतं.

ही गोष्ट मी एकदा दुकानात सांगितली. रब्बीचे दिवस होते, चार-पाच जण बसलेले, कोणाची मोटर वार्निश लावून वाळत होती, कोणी चहासाठीच आलेले. मी म्हटलं हजार रुबल आणि दिवसभरात फिरशील तेवढी जमीन. लोभ बिभ राहिला बाजूला, पहिला प्रश्न आला, "पानी व्हतं का तठे? कोरडवाहू का बागाईत?" दुसरा म्हणे, "सातबारा त्याच दिवशी नावावर व्हई का?" मी हसलो पण नंतर लक्षात आलं की टॉलस्टॉयने पण जमिनीचं वर्णन आधी केलंय, तळहातासारखी सपाट, खसखशीच्या दाण्यासारखी काळी, आणि सखल भागात छातीएवढं गवत. आमच्या तापीकाठच्या माणसाला काळ्या जमिनीचं हे वर्णन सांगितलं की तो पाखोमला लोभी म्हणायच्या आधी स्वतः बूट काढून तयार होतो.

मग ती जागा आली जिथे पाखोम आता वळायला पाहिजे पण वळत नाही, कारण समोर एक ओलसर सखल जागा दिसते आणि त्याला वाटतं ही सोडणं बरं नाही, इथे जवस चांगला येईल. तो त्या जागेला वळसा घालून पलीकडे निशाणी खोदतो आणि मग वळतो. दुकानातला सगळ्यात म्हातारा माणूस तोपर्यंत काही बोलला नव्हता, तो म्हणे, "असी लवन कोनी सोडस का भो?" सगळे गप्प. कारण प्रत्येकाच्या डोळ्यासमोर आपापल्या शिवारातली लवण, म्हणजे सखल जागा, आली असणार, जिथे पाऊस ताणला तरी ओल राहते आणि कपाशी कमरेला लागते. साहेब, मला विचाराल तर अख्ख्या गोष्टीचं वर्म त्या लवणात आहे, सूर्यात नाही. पाखोम मूर्ख नाहीये, त्याचा प्रत्येक निर्णय शेतकरी म्हणून बरोबर आहे, आणि त्या बरोबर निर्णयांनीच त्याला उशीर होतो. हे लोभ या शब्दात बसतं का? बसत असेल तर मग आमच्या सगळ्या हुशार शेतकऱ्यांना लोभी म्हणावं लागेल.

आणि सूर्य पण बघा कसा आहे तिथे. शेवटी पाखोम टेकडीच्या पायथ्याशी पोचतो तेव्हा त्याच्यासाठी सूर्य बुडालेला आहे, तो आशा सोडतो, मग त्याला वरून ओरडा ऐकू येतो आणि लक्षात येतं की वर टेकडीवर उभ्या असलेल्यांना सूर्य अजून दिसतोय, खालून फक्त वाटतंय बुडाला. सूर्य एक, पण मावळायच्या वेळा दोन. "सूर्य म्हणजे काळ" असं लिहून मोकळे झालो तर हे निसटतं, की काळ कोणाचा, वर उभा राहून हसणाऱ्याचा का खाली धावणाऱ्याचा.

थंडीवरून प्रेमचंदांचीच दुसरी, पूस की रात, १९३० ची, ती फार सांगत नाही कारण इकडे ती कोणाला समजावून सांगायची गरजच नाही. हल्कू शेतकऱ्याने कांबळीसाठी जमवलेले तीन रुपये उधारी वसूल करायला आलेल्याला जातात, तो जबरा कुत्र्याला कुशीत घेऊन शेत राखतो, नीलगाई शेत चरून जातात, आणि सकाळी बायकोचा चेहरा उतरलेला असताना हा खुशीत म्हणतो चला, रात्री थंडीत इथे झोपायला तर लागणार नाही. आमच्याकडे त्या प्राण्याला रोही म्हणतात आणि ते आजही चरून जातात. आणि शेतीची लाईट जेव्हा रात्रपाळीला असते तेव्हा गव्हाला, हरभऱ्याला पाणी भरायला माणूस रात्री दोनला चिखलात उभा असतो, त्याची मोटर जळाली की सकाळी सातला तो माझ्या दुकानासमोर असतो, डोळे लाल, आणि खरं सांगतो, काहींच्या तोंडावर दुःखाच्या खाली थोडी सुटका पण असते, की आज रात्री तरी झोपू. हे मी बघितल्यावर मला हल्कूचं ते वाक्य कळलं. गाईडमध्ये लिहिलंय "कांबळ हे सुरक्षिततेचे प्रतीक". असेल बुवा.

आता हार. मोपासांची गोष्ट, कारकुनाची बायको मैत्रिणीकडून हिऱ्यांचा हार उसना घेते, मोठ्या लोकांच्या पार्टीत मिरवते, हार हरवतो, नवरा-बायको छत्तीस हजार फ्रँकचा तसाच हार कर्ज काढून घेऊन परत करतात, दहा वर्षं मोलमजुरी करून फेडतात आणि शेवटी कळतं मूळचा खोटा होता, फार तर पाचशेचा. ही मी बायकोला सांगितली. आम्ही जळगाव जिल्ह्यातले, सोन्याच्या बाबतीत आमच्या बायकांना कोणी शिकवू नये. ती म्हणे उसना दागिना घेताना आधी दोघींनी बघायचा असतो, आतला शिक्का, कडी, फासा, सगळं, आणि परत देताना पुन्हा दोघींनी, लग्नसराईत आम्ही तेच करतो, ह्या दोघींनी केलं नाही म्हणून दहा वर्षं गेली. मी म्हटलं अगं ते प्रतीक आहे. ती म्हणे प्रतीक असू दे नाहीतर पाटल्या असू दे, डबी उघडून बघायला काय झालं होतं.

मी नंतर परत वाचली तर बायको बरोबर! मोपासांने मुद्दाम लिहिलंय की हार परत करताना हिला धास्ती होती की मैत्रीण डबी उघडेल आणि बदल लक्षात येईल, पण मैत्रिणीने डबी उघडलीच नाही. एक छोटं वाक्य आहे, सगळे पुढे पळतात कारण पुढे दहा वर्षांची कष्टाची हकीकत येते. पण ती बंद डबी हातात धरून बसलात तर गोष्ट वेगळीच दिसायला लागते. एकीसाठी जे अख्खं आयुष्य आहे ते दुसरी उघडून पण बघत नाही. आणि पार्टीतून निघताना पण बघा, नवरा तिच्या खांद्यावर रोजचा साधा कोट टाकतो, बाकीच्या बायका महागड्या फरमध्ये, ही लाजेने जिना उतरून पळते, आत थांबून गाडी बोलवायला तयार नाही, रस्त्याने थंडीत चालत जातात, आणि घरी आल्यावर आरशात बघते तर गळ्यात हार नाही. मग सांगा खोटी प्रतिष्ठा हारात आहे का त्या कोटात आहे? तक्त्यात कोटाला रकानाच नाही.

बर्फाचं सांगतो आणि मग मुद्द्यावर येतो. चेखवची कथा आहे, १८८६ ची, आयोना नावाच्या घोडागाडीवाल्याची. त्याचा तरुण मुलगा त्याच आठवड्यात वारला आहे, तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा प्रयत्न करतो, मिलिटरीवाला ऐकत नाही, तीन टवाळ पोरं ऐकत नाहीत, रात्री मुक्कामाच्या जागी एक तरुण गाडीवाला पाणी प्यायला उठतो तो पण ऐकता ऐकता झोपतो, शेवटी तो तबेल्यात जाऊन घोडीला सगळं सांगतो, समज तुला एक शिंगरू होतं आणि ते मेलं. सगळीकडे बर्फ पडतोय. तक्ता म्हणतो बर्फ म्हणजे एकटेपणा.

आमच्या पोरांनी बर्फ बघितलाय तो गोळ्याच्या गाडीवर, नाहीतर आठवडी बाजारात माशांच्या खाली. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसला जातो. त्यांना "बर्फ म्हणजे एकटेपणा" असं पाठ करायला लावायचं म्हणजे शुद्ध पोपटपंची. पण चेखव डॉक्टर माणूस होता, त्याने बर्फावर कविता केलेली नाही, त्याने एक लक्षण लिहिलंय. तो म्हणतो आयोना गाडीवर वाकून बसलाय, पांढरा झालाय, आणि अख्खा ढीग जरी त्याच्या अंगावर पडला असता तरी झटकावा असं त्याला वाटलं नसतं. झटकावं असं न वाटणं. हे समजायला बर्फ बघायची गरज नाही.

मी बघितलंय ते. दोन-तीन वर्षांपूर्वी एक शेतकरी दुपारी पाणबुडी मोटर घेऊन आला, म्हणे "मोटर जयी गई भो." मी म्हटलं ठेवा, परवा या. तो गेला नाही, बाकड्यावर बसला. मी स्टेटरमधली, म्हणजे मोटरीच्या न फिरणाऱ्या भागातली, जुनी तार काढत होतो, तिचा काळा भुगा उडतो, पंखा लावला की सगळीकडे जातो, गिऱ्हाईक लगेच उठून बाहेर उभं राहतं. हा माणूस बसून राहिला, पांढरा शर्ट काळा होत होता, खांद्यावर, मांडीवर, आणि तो दर दहा मिनिटांनी सांगायचा मोटर कशी जळाली, रात्री लाईट आली, स्टार्टर दाबलं, आवाज आला, वास आला. चार वेळा सांगितलं. मी हो हो करत होतो, मला काम होतं. संध्याकाळी तो गेल्यावर शेजारच्या हार्डवेअरवाल्याने सांगितलं की आठ दिवसांपूर्वी त्याची बायको गेली. त्याने एक शब्द काढला नाही, आणि मी पण विचारलं नाही की शर्ट का झटकत नाही. आता यात मोटर कशाचं प्रतीक आहे ते सांगा. कशाचंच नाही, ती खरंच जळाली होती, दोन हजाराचं बिल झालं. पण त्याला बोलता येत होतं ते फक्त मोटरबद्दल. चेखवची कथा मी त्याच्या आधी वाचलेली होती, आणि तरी मी त्या तरुण गाडीवाल्यासारखा पाणी पिऊन झोपलोच.

आता कोणी म्हणेल की मग काय, कोणी कसाही अर्थ काढावा का. नाही. मुलीच्या वर्गातल्या एका पोराने लिहिलं की चिमटा हा देशादेशांतल्या शस्त्रस्पर्धेचं प्रतीक आहे, बंदूक म्हणतो ना हमीद म्हणून. त्याला शून्य मिळालं आणि बरोबर मिळालं. बंदुकीचा खेळ त्या पोरांच्या भांडणात आहे, त्याच्या बाहेर नेला की तुटला. अर्थ वस्तूला बांधलेला पाहिजे, ती वस्तू कथेत कोणाच्या हातात गेली, कोणी बघितली, कोणी बघायची राहिली, परत कधी आली. तेवढं सांगता आलं की प्रतीक हा शब्द वापरला काय आणि नाही वापरला काय. जी. ए. कुलकर्णींच्या कथांबद्दल तर लोकांमध्ये प्रतीकं शोधायची रेसच लागलेली असते, पक्षी दिसला की म्हणे आत्मा, मी घाबरून दहा वर्षं त्यांना हात लावला नाही, मग वाचल्या तर आत साधी घरं, साधी भांडणं, ओसरी, पैशाची ओढाताण, हे सगळं किती बारकाईने आहे, ते कोणी सांगितलंच नव्हतं.

मॅडमना मी फोन केला होता, भांडायला नाही. त्या चांगल्या आहेत. त्या म्हणाल्या दादा, एका वर्गात साठ पोरं, उत्तरपत्रिका दोन दिवसांत द्यायच्या, नमुना उत्तर वरून येतं, त्याच्या बाहेरचं तपासायचं तर प्रत्येक पोराशी बसावं लागेल, आणि मला पण आवडलं होतं तिचं उत्तर पण काय करू. मला त्यांचं पटलं. दोष त्यांच्याकडे देत नाही. पण पेपरवाल्यांवर तर नमुना उत्तराची सक्ती नाही ना? तुम्ही का तक्ता छापता?

आणि खरं तर ह्या कथा तुमच्याच खात्यातल्या आहेत. मोपासांचा हार पहिल्यांदा पॅरिसच्या ल गोल्वा नावाच्या वर्तमानपत्रात १७ फेब्रुवारी १८८४ ला आला. चेखवचा आयोना जानेवारी १८८६ मध्ये पीटर्सबर्गच्या एका रोजच्या पेपरात. ओ. हेन्रीची ती केस विकून नवऱ्याच्या घड्याळाला साखळी घेणाऱ्या बायकोची गोष्ट न्यूयॉर्कच्या रविवारच्या पेपरात, १० डिसेंबर १९०५. म्हणजे लोकांनी त्या बाजारभाव आणि निधनवार्तांच्या शेजारी वाचल्या, चहा पिताना, खाली तक्ता नसताना, आणि त्यांना समजल्या. मराठीत पण तेच, हरिभाऊ आपटे १८९० मध्ये करमणूक साप्ताहिक काढून त्यात स्फुट गोष्टी छापायचे, आणि हरिभाऊंचा जन्म १८६४ चा, कुठला, तर आमच्या पारोळ्याचा. हे इथल्या दहा माणसांना विचाराल तर नऊ जणांना माहीत नसेल, दहावा मी.

तर विनंती एवढीच आहे. त्या पानावर महिन्यातून एकदा का होईना, एक जुनी कथा पूर्ण छापा, लेखकाला जाऊन बरीच वर्षं झालेली असली म्हणजे परवानगीची पण भानगड नसते. खाली अर्थ देऊ नका. द्यायचाच असेल तर एखादा प्रश्न द्या, आणि तो पण "कशाचे प्रतीक" असा नको, साधा द्या, डबी कोणी उघडली नाही, टोपी कोणाची होती, पोराने दिवसभर काही खाल्लं का. उत्तरं लोक पाठवतील, अहिराणीत आली तरी छापा, मी पहिलं माझ्या मायचं पाठवतो.

आणि छापायला घेतलीत तर अक्षर जरा मोठं ठेवा. दुकानात "उधारी बंद" ची पाटी आहे तिच्या खाली मी ते पान चिकटवणार आहे, तिथे ट्यूबलाईटचा उजेड कमी पडतो, आणि उधारी मागणारा माणूस तिथे बराच वेळ उभा असतो.

आपला,
एक रिवाइंडिंगवाला वाचक
पारोळा, जि. जळगाव